‘बोला’ आणि ‘आब्ला’: स्पॅनिश आज्ञार्थाविषयी वाचकांचे प्रश्न

वडोदऱ्याच्या वाचकांकडून स्पॅनिश भाषेविषयी पत्रे येतात याचे नवल वाटण्याचे आता कारण उरलेले नाही. टाटा-एअरबसच्या ज्या कारखान्याचे उद्घाटन २८ ऑक्टोबर २०२४ रोजी भारत आणि स्पेन या दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी येथे येऊन केले, तेथे सी-२९५ जातीची ४० विमाने जोडली जायची आहेत; करारातील एकूण ५६ विमानांपैकी उरलेली १६ स्पेनमधील सेव्हिल येथे तयार झाली. अशा गावात कोणी स्पॅनिशचे पुस्तक उघडले, तर ते हौसेखातरच उघडले असेल असे म्हणता येत नाही. या वेळच्या पत्रांपैकी बहुतेक आज्ञार्थाविषयी आहेत, म्हणून सदराची सर्व जागा त्यालाच दिली आहे. नकारार्थी आज्ञांचा, म्हणजे ‘करू नका’ या प्रकाराचा, विचार येथे केलेला नाही. स्पॅनिश शब्द उच्चारानुसार देवनागरीत लिहिले असून, जेथे प्रश्न लिखाणाचा आहे तेथे रोमन अक्षराचे नाव सांगितले आहे.

प्रश्न : मी एका कारखान्यात देखभाल विभागात काम करतो. आमच्या एका यंत्रासोबत आलेल्या स्पॅनिश पत्रकात ‘आपागे ला माकिना. एस्पेरे. आब्रा ला तापा. लिंपिए एल फिल्त्रो.’ अशा ओळी आहेत. यंत्र बंद करा, थांबा, झाकण उघडा, फिल्टर स्वच्छ करा, असा त्यांचा अर्थ मला लागला. परंतु मी मोबाइलवरून जे धडे गिरवतो, त्यांत हीच रूपे ‘आपागा’, ‘एस्पेरा’, ‘आब्रे’ आणि ‘लिंपिआ’ अशी शिकवली होती. प्रत्येक शब्दाचा शेवटचा स्वर उलटा झालेला आहे. ही छपाईची चूक समजावी, की माझे धडेच चुकीचे आहेत? (एक तंत्रज्ञ, मकरपुरा)

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत. मोबाइलवरील धडे तुम्हाला ‘तू’ म्हणत आहेत आणि यंत्राचे पत्रक ‘तुम्ही’ म्हणत आहे, एवढाच फरक आहे. अनोळखी ग्राहकाला उद्देशून लिहिलेल्या पत्रकात आदरार्थी रूप वापरलेले असावे, हे योग्यच आहे.

स्पॅनिश क्रियापदाचे कोशातील रूप -आर, -एर किंवा -इर या तीन शेवटांपैकी एका शेवटाचे असते: ‘आब्लार’ म्हणजे बोलणे, ‘कोमेर’ म्हणजे खाणे, ‘एस्क्रिबिर’ म्हणजे लिहिणे. ‘आब्लार’ लिहिताना आरंभी एच हे अक्षर असते, परंतु त्याचा उच्चार होत नाही. नियमित क्रियापदाला आज्ञार्थी करायचे असेल, तर हा शेवट काढून टाकावा आणि ज्याला आज्ञा करायची त्याच्याशी आपले नाते पाहून त्या जागी नवा स्वर बसवावा. समोरच्याला आपण ‘तू’ म्हणत असू (आणि स्पॅनिशमध्येही त्याला ‘तू’च म्हणतात), तर -आर गटाला ‘आ’ आणि उरलेल्या दोन्ही गटांना ‘ए’ लागतो: आब्ला, कोमे, एस्क्रिबे. समोरचा माणूस ‘उस्तेद’ असेल, म्हणजे आदराने बोलण्याजोगा किंवा अनोळखी असेल, तर स्वरांची अदलाबदल होते: -आर गटाला ‘ए’ आणि उरलेल्या दोन गटांना ‘आ’ लागून आब्ले, कोमा, एस्क्रिबा अशी रूपे होतात. अनेक जणांना सांगायचे असेल, तर या आदरार्थी रूपापुढे ‘न’ जोडावा: आब्लेन, कोमान, एस्क्रिबान. तुमच्या पत्रकातील चारही शब्द या नियमाला धरून आहेत. ‘आपागार’, ‘एस्पेरार’ आणि ‘लिंपिआर’ हे पहिल्या गटातले, म्हणून त्यांना ‘ए’ लागला. ‘आब्रिर’ तिसऱ्या गटातला, म्हणून त्याला ‘आ’.

येथे मराठी माणसाला एक धोका आहे, आणि तो पुस्तकांत सांगितलेला नसतो, कारण ती पुस्तके मराठी माणसासाठी लिहिलेली नसतात. आपल्याकडे आदर दाखवायचा म्हणजे क्रियापदाला ‘आ’ जोडायचा: बोल आणि बोला, थांब आणि थांबा, उघड आणि उघडा. कान लहानपणापासून या ‘आ’ला आदराची खूण मानत आलेला असतो. त्यामुळे ‘आब्ला’ हा शब्द ऐकताच तो ‘बोला’ असा वाटतो, आणि शिकणारा मनुष्य आपल्या वरिष्ठाला मोठ्या अदबीने ‘आब्ला’ म्हणून जातो. प्रत्यक्षात त्याने ‘बोल’ म्हटलेले असते. अडचण अशी की हा कान प्रत्येक वेळी फसवत नाही. ‘एस्क्रिबा’ म्हणजे ‘लिहा’ आणि ‘आब्रा’ म्हणजे ‘उघडा’ येथे मराठीचा ‘आ’ आणि स्पॅनिशचा ‘आ’ नेमके जुळतात, म्हणून विश्वास बसतो, आणि मग -आर गटात, जो गट सर्वांत मोठा आहे, तेथे घसरगुंडी होते. रूपे पाठ करताना सुटे शब्द पाठ न करता जोड्या पाठ कराव्यात, असे माझे मत आहे: ‘एस्पेरा-एस्पेरे, थांब-थांबा’, ‘आब्रे-आब्रा, उघड-उघडा’. आठवडाभर अशा जोड्या मोठ्याने म्हटल्या की कान स्वतःहून गट ओळखू लागतो.

तुमच्या कामासाठी आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. सर्वच पत्रके आज्ञार्थात नसतात. पुष्कळदा कोशातील मूळ रूपच सूचनेसाठी वापरले जाते, म्हणजे ‘आपागे ला माकिना’ऐवजी ‘आपागार ला माकिना’ असे छापलेले असते. आपल्याकडे ‘यंत्र बंद करणे’, ‘झाकण उघडणे’ अशी कामांची यादी लिहितात, तसाच तो प्रकार आहे आणि लेखी सूचनेत तो शिष्टसंमत आहे. उलट ‘झाकण लावा’ यासाठी पत्रकात ‘सिएर्रे’ असे दिसले, तर गोंधळू नका. ‘सेर्रार’ या क्रियापदाच्या पोटातील स्वर बदलतो, त्यामुळे ते नियमितांच्या पंक्तीत बसत नाही. शेवटचा ‘ए’ मात्र नियमाप्रमाणेच आहे.

प्रश्न : मी निवृत्त मराठी शिक्षिका आहे आणि नातीबरोबर स्पॅनिश शिकते आहे. ‘उस्तेद’ म्हणजे ‘आपण’. तो समोरच्याला उद्देशून वापरतात, म्हणजे द्वितीय पुरुषच झाला. तरी त्याचे क्रियापद तृतीय पुरुषाचे असते, आणि आज्ञेत तर भलतेच रूप येते. यामागे काही संगती आहे, की निमूटपणे पाठ करायचे? (दांडिया बाजार)

उत्तर : संगती आहे, आणि ती समजून घेण्याची मराठी वाचकाइतकी तयारी फार थोड्या वाचकांची असेल. ‘उस्तेद’ हा मुळात सर्वनाम नव्हताच. ‘बुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’ किंवा ‘कृपावंत’, अशा अर्थाचे हे मानाचे संबोधन होते. बोलता बोलता झिजून सोळाव्या-सतराव्या शतकांच्या सुमारास त्याचा ‘उस्तेद’ झाला. एखाद्याला ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ न म्हणता त्याच्या पदवीचा उल्लेख करून बोलायचे ठरवले, की क्रियापद आपोआप तृतीय पुरुषात जाते. ‘साहेब येतात का?’ असे आपण साहेबांच्या तोंडावर साहेबांनाच विचारतो, तेव्हा हेच करत असतो.

आता अशा माणसाला आज्ञा कशी करणार? ‘साहेब, बस’ म्हणता येत नाही, कारण ज्याला तृतीय पुरुषात ठेवले त्याला थेट हुकूम सोडण्याची सोय उरत नाही. मराठीने येथे विध्यर्थाचा आधार घेतला: ‘साहेबांनी बसावे’, ‘महाराजांनी आज्ञा करावी’. गायकवाडांच्या राजधानीत वाढलेल्या घरांना ही दरबारी वळणाची भाषा परकी नाही, आणि दरबार गेला तरी लग्नपत्रिकेवर ‘अगत्य येण्याचे करावे’ अजून छापले जाते. स्पॅनिशनेही हीच वाट धरली. इच्छा, अपेक्षा, शंका, विनंती व्यक्त करणारी क्रियापदाची एक निराळी रूपमाला त्या भाषेत आहे. तिला ‘सुब्हुंतिबो’ म्हणतात. ‘आब्ले’ हे त्या मालेतील तृतीय पुरुषी एकवचनी रूप आहे, आणि त्याचा मूळ भाव ‘कृपावंतांनी बोलावे’ असा आहे. म्हणून जे रूप तुम्हाला भलतेच वाटले, ते आज्ञार्थाचे नाहीच. ते उसने आणलेले आहे. ‘उस्तेदेस’साठीचे (म्हणजे ‘उस्तेद’च्या अनेकवचनासाठीचे) ‘आब्लेन’ आणि ‘आपण सारे बोलूया’ या अर्थाचे ‘आब्लेमोस’ ही रूपेही त्याच मालेतील आहेत. जेवायला बसताना ‘कोमामोस’, म्हणजे ‘जेवूया’, म्हटले तर ते शुद्धच आहे, परंतु रोजच्या बोलण्यात ‘बामोस आ कोमेर’ अधिक ऐकू येते.

खऱ्या आज्ञार्थाची, म्हणजे लॅटिनच्या आज्ञार्थातून थेट उतरलेली, रूपे स्पॅनिशमध्ये दोनच आहेत: एक ‘तू’चे आणि दुसरे स्पेनमधील ‘बोसोत्रोस’चे, ज्याविषयी पुढे एका पत्रात विचारले आहे. ‘तू’च्या रूपाबद्दल विद्यार्थी नेहमी तक्रार करतात की ‘कांता’ म्हणजे ‘गा’ आणि ‘कांता’ म्हणजे ‘तो गातो’, हे एकसारखे का? लॅटिनमध्ये ती एकसारखी नव्हती. आज्ञा ‘कांता’ अशी होती आणि ‘तो गातो’ हे ‘कांतात’ असे होते. शेवटचा ‘त’ कालांतराने गळून पडला आणि दोन्ही शब्द एकाच रूपावर येऊन थांबले. व्यवहारात त्यामुळे अडत नाही. आज्ञेत सहसा कर्ता उच्चारत नाहीत, आणि उच्चारलाच तर तो क्रियापदानंतर येतो: ‘आब्ला तू’ म्हणजे ‘तूच बोल’. लिखाणात तर उद्गारचिन्ह वाक्याच्या शेवटी असते तसे आरंभीही, उलटे करून, घालतात. त्यामुळे ठासून केलेली आज्ञा वाचणाऱ्याला पहिल्या अक्षराआधीच कळते.

प्रश्न : परीक्षेत ‘बुस्के’, म्हणजे ‘शोधा’, हा शब्द मी सी अक्षराने लिहिला आणि गुण गेला. ‘बुस्कार’मध्ये सी आहे, मग ‘बुस्के’मध्ये क्यू कोठून आला? हे क्रियापद नियमित आहे असे वर्गात सांगितले होते. (एक विद्यार्थिनी, फतेहगंज)

उत्तर : क्रियापद नियमितच आहे, पण कानाला. डोळ्याला ते अनियमित दिसते, आणि त्याचा दोष क्रियापदाकडे नसून रोमन लिपीकडे जातो. देवनागरीत ‘क’ला कोणतीही मात्रा लावली तरी तो ‘क’च राहतो. स्पॅनिश लिखाणात मात्र सी या अक्षरापुढे ‘आ’ असेल तर ‘क’ वाचतात आणि ‘ए’ आला तर स्पेनच्या बहुतेक भागांत ‘थ’ व लॅटिन अमेरिकेत ‘स’ वाचतात. तुम्ही लिहिलेला शब्द त्यामुळे ‘बुस्थे’ किंवा ‘बुस्से’ असा वाचला जाईल. ‘क’चा उच्चार राखायचा, तर ‘ए’च्या आधी क्यू आणि यू ही दोन अक्षरे घालावी लागतात. जी या अक्षराचेही असेच आहे: ‘येगार’, म्हणजे पोचणे, याचे आदरार्थी रूप ‘येगे’ लिहिताना जीनंतर एक मुका यू घालतात, नाहीतर तेथे घशातून निघणारा ‘ख’सारखा आवाज होईल. मकरपुऱ्याच्या पत्रातील ‘आपागे’मध्येही हा मुका यू आहे. रस्ता ओलांडणे या अर्थाच्या क्रियापदाला ‘आर’च्या आधी झेड असतो, पण ‘ए’पूर्वी झेड लिहिण्याची रीत नसल्याने ‘ओलांडा’ असे सांगताना त्याचा सी होतो. ‘तू’च्या रूपांत, म्हणजे ‘बुस्का’, ‘येगा’ यांत, ‘आ’ कायम राहत असल्यामुळे यांतले काहीच करावे लागत नाही. थोडक्यात, आधी रूप तोंडाने म्हणावे आणि मग ते कागदावर उतरवावे; अक्षरे पाहून रूप बनवू नये.

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त सेव्हिलला गेली आहे आणि मी तिच्याशी बोलण्यापुरती स्पॅनिश शिकते आहे. पुस्तकात ‘आब्लाद, कोमेद, एस्क्रिबिद’ अशी आणखी रूपे आहेत. आमच्या ऑनलाइन वर्गाच्या शिक्षिका अर्जेंटिनाच्या आहेत. त्या म्हणतात, ही सोडून द्या. त्या स्वतः ‘मिरा’, म्हणजे ‘बघ’, म्हणताना शेवटच्या ‘रा’वर जोर देतात. नेमके कोणाचे ऐकावे? (अलकापुरी)

उत्तर : मुलगी स्पेनमध्ये आहे, म्हणून पुस्तकाचे ऐकावे, शिक्षिका मात्र आपल्या देशापुरते बरोबरच सांगत आहेत.

स्पेनमध्ये मित्रमंडळी, मुले, घरची माणसे अशा अनेकांना एकत्र उद्देशून ‘बोसोत्रोस’ म्हणतात, आणि त्याची आज्ञा बनवणे हे या सर्व प्रकरणातील सर्वांत सोपे काम आहे: कोशातील रूपाचा शेवटचा ‘र’ काढून ‘द’ घालावा. हा नियम इतका सरळ आहे की एरवी अनियमित असणारी क्रियापदेसुद्धा येथे शिस्तीत वागतात. ‘तू’च्या बाबतीत आठ क्रियापदे (सांगणे, करणे, जाणे, ठेवणे, बाहेर पडणे, असणे, जवळ असणे आणि येणे) मनमानी करून एकाच अवयवाची, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या एकाच तुकड्याची, आखूड रूपे घेतात, परंतु ‘बोसोत्रोस’पुढे तीही ‘र’ टाकून ‘द’ घेतात. तुमची मुलगी कदाचित सांगेल की तेथे कोणी ‘आब्लाद’ म्हणत नाही, सगळे ‘आब्लार’च म्हणतात. बोलण्यात ते सर्रास चालते, पण १७१३ साली स्थापन झालेली स्पॅनिश भाषेची राजमान्य अकादमी ते शुद्ध मानत नाही, आणि परीक्षेत त्याचा गुण मिळत नाही. शिवाय सेव्हिलसह पश्चिम आंदालुसियात घरच्या माणसांनाही ‘उस्तेदेस’ म्हणण्याची जुनी सवय आहे, त्यामुळे पुस्तकातील स्पेन आणि मुलीच्या कानावर पडणारा स्पेन यांत थोडे अंतर पडले तर काळजी करू नये.

लॅटिन अमेरिकेत ‘बोसोत्रोस’ वापरात नाही. तेथे मुलांच्या घोळक्यालाही ‘उस्तेदेस’च म्हणतात आणि ‘आब्लेन’, ‘कोमान’ यांवर काम भागते. हे मराठीच्या बरेच जवळ आहे, कारण आपलाही ‘तुम्ही’ अनेक मुलांना आणि अनेक वडीलधाऱ्यांना सारखाच लागू पडतो.

तुमच्या शिक्षिका ‘मिरा’च्या शेवटावर जोर देतात, कारण अर्जेंटिना, उरुग्वे आणि आसपासच्या प्रदेशांत ‘तू’च्या जागी ‘बोस’ हे सर्वनाम चालते. त्याची आज्ञा कोशातील रूपाचा ‘र’ नुसता काढून टाकल्याने होते आणि जोर शेवटच्या स्वरावर पडतो. लिहिताना त्या स्वरावर तिरकी रेघ देतात. ‘मिरार’चे ‘मिरा’, ‘कोमेर’चे ‘कोमे’, ‘एस्क्रिबिर’चे ‘एस्क्रिबि’. इतिहासाच्या दृष्टीने पाहिले, तर हे ‘बोसोत्रोस’चेच ‘द’ गळालेले रूप आहे. म्हणजे ज्या रूपाला त्या सोडून द्या म्हणतात, त्याचेच नातवंड त्या रोज वापरतात. तुम्ही हे रूप ओळखायला शिकावे, बोलण्यात आणायची घाई करू नये.

प्रश्न : ‘ते विकत घे’ यासाठी कधी ‘कोम्प्रालो’ या शब्दावर रेघ दिसते आणि कधी दिसत नाही. रेघ नेमकी केव्हा द्यायची? सर्वनामे कोणत्या क्रमाने जोडायची? (सयाजीगंज)

उत्तर : होकारार्थी आज्ञेत ‘मला’, ‘ते’, ‘त्याला’ अशी छोटी सर्वनामे क्रियापदाच्या शेपटाला चिकटून, एकाच शब्दात लिहितात. साध्या विधानात ती आधी आणि सुटी येतात: ‘लो कोम्प्रा’ म्हणजे ‘तो ते विकत घेतो’ आणि ‘कोम्प्रालो’ म्हणजे ‘ते विकत घे’. दोन सर्वनामे असतील, तर माणूस आधी आणि वस्तू नंतर: ‘कोम्प्रामेलो’ म्हणजे ‘ते मला विकत घेऊन दे’. ‘त्याला ते’ असे म्हणताना ‘ले लो’ एकत्र येत नाहीत. ‘ले’चा ‘से’ होतो आणि ‘कोम्प्रासेलो’ असे रूप मिळते.

रेघेचे कोडे जोराशी बांधलेले आहे. स्वराने संपणाऱ्या स्पॅनिश शब्दात जोर स्वाभाविकपणे शेवटून दुसऱ्या अवयवावर पडतो, आणि जेथे तो तसा पडत नाही तेथे रेघ काढून वाचणाऱ्याला सावध करतात. ‘कोम्प्रा’ या एकट्या शब्दात जोर ‘कोम्’वर आहे आणि तो शेवटून दुसराच असल्याने रेघ लागत नाही. ‘लो’ चिकटला की शब्द लांबतो, पण जोर जागचा हलत नाही. ‘कोम्’ आता शेवटून तिसरा झाला, म्हणून त्यातील ‘ओ’वर रेघ आली. आदरार्थी ‘कोम्प्रेलो’ आणि ‘कोम्प्रेमेलो’ यांतही याच कारणाने रेघ आहे. ‘बोसोत्रोस’च्या ‘कोम्प्राद’मध्ये जोर ‘प्राद’वर असतो, त्याला ‘लो’ लागून ‘कोम्प्राद्लो’ झाला की जोर आपोआप शेवटून दुसऱ्यावर येतो, म्हणून तेथे रेघ नाही, आणि ‘कोम्प्राद्मेलो’ झाला की पुन्हा लागते. तुम्हाला रेघेशिवाय दिसलेला ‘कोम्प्रालो’ बहुधा अर्जेंटिनाच्या मजकुरातील असावा. तेथे सुटे रूप ‘प्रा’वर जोर घेऊन, रेघेसह लिहितात, आणि ‘लो’ जोडताच तो अवयव शेवटून दुसरा झाल्यामुळे रेघ गळते. एकाच अर्थाचा, एकाच अक्षरांचा शब्द माद्रिदमध्ये रेघेसह आणि ब्युनोस आयर्समध्ये रेघेविना लिहिला जातो, आणि दोन्हीकडे नियम एकच असतो, ही मला या लेखनपद्धतीतील विशेष देखणी गोष्ट वाटते.

‘उठणे’ या अर्थाच्या ‘लेबांतार्से’सारख्या क्रियापदांत दोन अक्षरे गळतात, तेवढी लक्षात ठेवावीत. ‘तू’ला ‘लेबांताते’ आणि ‘उस्तेद’ला ‘लेबांतेसे’ म्हणताना काही गळत नाही. ‘बोसोत्रोस’ला सांगताना ‘द’ गळून ‘लेबांताओस’ होते, आणि ‘उठूया’ म्हणताना ‘स’ गळून ‘लेबांतेमोनोस’ होते. ‘द’ न गळणारे क्रियापद एकच आहे, ‘निघून जाणे’. त्याच्या आज्ञेचे ‘इदोस’ हे रूप बोलण्यात कोणीच वापरत नसल्यामुळे २०१७ साली अकादमीने ‘इरोस’ हेही मान्य केले.

प्रश्न : रावपुऱ्यात आमचे घरगुती अतिथिगृह आहे आणि अधूनमधून स्पेनचे पाहुणे उतरतात. पाहुण्यांशी आज्ञार्थात बोलणे उद्धटपणाचे होईल का? दारावर ‘ढकला’ आणि ‘ओढा’ या पाट्याही लावायच्या आहेत.

उत्तर : आज्ञार्थाने उद्धटपणा येत नाही, तो चुकीच्या ठिकाणी वापरलेल्या ‘तू’ने किंवा कोरडेपणाने येतो. दारात आलेल्या पाहुण्याला ‘पासे’, म्हणजे ‘आत या’, असेच म्हणतात, आणि ते दोनदा म्हटले तर अधिक आपुलकीचे वाटते: ‘पासे, पासे’. आपले ‘या, या’ आणि ‘बसा, बसा’ याच धाटणीचे आहे, आणि निघणाऱ्याला ‘आवजो’ म्हणणाऱ्या या गुजराती गावात आज्ञार्थाचा असा प्रेमळ वापर कोणाला समजावून सांगावा लागणार नाही. हातात काही देताना ‘तोमे’, म्हणजे ‘घ्या’. रिक्षा बोलावायची असेल तर ‘एस्पेरे उन मोमेंतो’, म्हणजे ‘क्षणभर थांबा’. नोंदवही पुढे करताना ‘फिर्मे आकी, पोर फाबोर’, म्हणजे ‘कृपया येथे सही करा’. ‘बसा’ आणि ‘वाढून घ्या’ यांची स्पॅनिश रूपे अनियमित क्रियापदांची आहेत. ‘सिएंतेसे’ आणि ‘सिर्बासे’ एवढी दोन तशीच पाठ करावीत. पाहुणे तरुण असतील, तर तेच पहिल्या दिवशी तुम्हाला ‘तू’ म्हणू लागतील. स्पेनमध्ये ‘तू’चा वापर सैल आहे आणि त्यात अनादर नसतो. त्यांनी तसे म्हटले की तुम्ही ‘पासा’, ‘तोमा’, ‘एस्पेरा’ यांकडे वळावे. लॅटिन अमेरिकेतून आलेल्या पाहुण्यांशी मात्र त्यांनी सुचवीपर्यंत ‘उस्तेद’च बरे, कारण कोलंबियाच्या डोंगराळ भागात तर घरच्या घरीही ‘उस्तेद’ म्हणतात.

ज्या गोष्टीत पाहुण्याला तसदी पडणार असेल, तेथे आज्ञेऐवजी प्रश्न वापरावा. जेवताना समोरच्याकडून पाणी मागायचे असेल, तर स्पॅनिश मनुष्य ‘पासामे एल आगुआ’पेक्षा ‘मे पासास एल आगुआ?’, म्हणजे ‘पाणी देतोस का?’, असे विचारणे पसंत करतो.

पाट्यांचे म्हणाल, तर ‘एंपुहे’ म्हणजे ‘ढकला’ आणि ‘तिरे’ म्हणजे ‘ओढा’. दोन्ही -आर गटातील, दोन्ही आदरार्थी, म्हणून दोन्हींच्या शेवटी ‘ए’ आहे. ‘एंपुहे’ रोमन लिपीत लिहिताना ‘ह’च्या जागी जे हे अक्षर येते, ते रंगाऱ्याला आधी कागदावर लिहून द्यावे. दुसऱ्या पाटीखाली मराठी आणि गुजराती शब्दही ठेवावेत, कारण टी, आय, आर, ई ही चार अक्षरे ओळीने पाहिली की आपल्याकडील इंग्रजी वाचणारा पाहुणा तेथे टायरचे दुकान शोधेल.